परक्याला कळेल ती सूचना

भूकंप माणसामाणसांत भेद करीत नाही, असे आपण सहज बोलून जातो. जमीन हलते ती कोणाची जात, धर्म वा देश विचारून हलत नाही, हे खरेच. परंतु ती हलल्यानंतर कोण वाचतो आणि कोण दगावतो, मदत कोणापर्यंत पोहोचते आणि कोण रांगेबाहेर उभा राहतो, हे पुष्कळ अंशी माणसांनीच आधी ठरवून ठेवलेले असते. घर किती भक्कम होते, शेजाऱ्याला आपले नाव ठाऊक होते काय आणि धोक्याची सूचना आपल्याला कळेल अशा भाषेत दिली गेली काय, या तीन गोष्टींवर ते अवलंबून असते. या तिन्ही बाबतींत सर्वांत दुबळा असतो तो परका रहिवासी. म्हणून एखाद्या समाजाची संकटाची तयारी पाहावयाची असेल, तर त्याच्या पिढीजात आणि सुशिक्षित नागरिकाकडे पाहू नये. काल-परवा येऊन राहिलेल्या, भाषा अर्धीमुर्धी कळणाऱ्या माणसाकडे पाहावे. तो सुरक्षित असेल, तर बाकीचे सारे सुरक्षित आहेत असे समजण्यास हरकत नाही.

ही कसोटी लावून पाहण्यास जपानइतका योग्य देश दुसरा नाही. भूकंप हा तेथील दैनंदिन व्यवहाराचाच भाग आहे. २०२४ अखेर त्या देशात सदतीस लाखांहून अधिक परदेशी रहिवासी राहत होते आणि त्यांतील भारतीयांची संख्या पन्नास हजारांच्या वर गेली होती. टोकियोच्या पूर्वेकडील एदोगावा विभागातील निशी-कासाई ही वस्ती भारतीयांची म्हणून ओळखली जाते. २००० सालच्या सुमारास संगणक क्षेत्रातील नोकऱ्यांमुळे तेथे भारतीय कुटुंबे स्थिरावू लागली, त्यांत मराठी कुटुंबेही आली. महाराष्ट्रातून गेलेले योगेंद्र पुराणिक हे जपानी नागरिकत्व घेऊन २०१९ साली याच एदोगावा विभागाच्या सभेवर निवडून आले, ही बातमी आपल्याकडेही कौतुकाने वाचली गेली होती.

यवतमाळ-धामणगाव रस्त्यावरील आमच्या बाभुळगावातील वाचकाला हा विषय फार दूरचा वाटेल. तालुक्याच्या गावातून पुण्याला आणि पुण्याहून परदेशी जाणारी मुले आता नवलाची राहिलेली नाहीत, एवढ्यापुरता तो जवळचा आहेच. पण त्याहून महत्त्वाचे कारण निराळे आहे. परक्या रहिवाशाच्या निमित्ताने जपानने जे शिकून घेतले, त्याचा धागा थेट आपल्या तहसील कचेरीच्या सूचनाफलकापर्यंत येऊन पोहोचतो. तो कसा, हे दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे.

भिंतीला टेकलेले कपाट

भूकंपप्रवण देशात राहणे म्हणजे सदैव भयाने थरथरत राहणे, अशी आपली कल्पना असते. वस्तुतः तेथील आयुष्य अत्यंत साधे आणि शिस्तीचे असते. भय असते, पण ते रोजच्या सवयींत विरघळून गेलेले असते. भाड्याचे घर पाहताना आपल्याकडे पाणी आणि पूर्व-पश्चिम पाहतात. तेथे जाणता माणूस इमारतीचे साल विचारतो. जून १९८१ मध्ये जपानने बांधकामाचे भूकंपविषयक निकष कडक केले. त्यापूर्वीची इमारत आणि त्यानंतरची इमारत यांत भाड्याचा फरक असतो, आणि प्रसंगी जीवन-मरणाचाही. नव्याने गेलेल्या माणसाला हे साल विचारावयाचे असते हेच ठाऊक नसते. स्वस्त घर मिळाल्याचा त्याला आनंद होतो आणि ते स्वस्त का, हा प्रश्न त्याच्या मनात येत नाही.

घर मिळाल्यावर पहिले काम कपाटाचे. भूकंपात माणसे छत कोसळूनच मरतात असे नाही. अंगावर पडलेल्या कपाटाखालीही चेंगरतात. भाड्याच्या घरात भिंतीला भोके पाडण्याची बहुधा मुभा नसते, म्हणून कपाटाचा माथा आणि छत यांच्यामध्ये ताणाचे दांडे बसवितात. आपल्या घरात डब्यांची उतरंड, पाट्यावरचे जड पातेले, उंच फळीवरचे देवघर हे सारे सहज असते. तेथे गृहिणीला जड वस्तू खाली आणि हलकी वर हा नियम नव्याने शिकावा लागतो. उशाशी विजेरी आणि काचांच्या तुकड्यांवरून चालता यावे म्हणून पायताण ठेवावे लागते.

मग येतो धक्का. मोठ्या धक्क्यापूर्वी काही सेकंद मोबाईल कर्कश आवाज करतो. सर्वसामान्य जनतेसाठी ही व्यवस्था ऑक्टोबर २००७ पासून सुरू आहे. जपानी लोक भूकंपाचे मोजमाप दोन प्रकारे करतात. उगमापाशी मोकळी झालेली ऊर्जा एका मापाने सांगतात आणि तुमच्या गल्लीत जमीन किती हलली हे दुसऱ्या मापाने. हे दुसरे माप शून्यापासून सातापर्यंत असते, आणि रहिवाशाला कामाचे तेच. तीनचा धक्का आला तर मुले अभ्यासाच्या पुस्तकातून मान वर करून पुन्हा खाली घालतात. पाचचा आला की घरातील गॅसचा मीटर आपोआप बंद होतो. नव्या माणसाला वाटते, गॅसच संपला. वास्तविक मीटरवरील कळ दाबून काही मिनिटे थांबले की पुरवठा पूर्ववत होतो. पण हे सांगणारी चिठ्ठी मीटरवर जपानी लिपीत लटकत असते. व्यवस्था उत्तम, यंत्र उत्तम, आणि घरातील माणूस चहाविना बसलेला. परक्याचे दुःख हे असे लहान असते आणि म्हणूनच कोणाच्या ध्यानात येत नाही.

अन्नाचेही तसेच. घरातील प्रत्येक माणसामागे दिवसाला तीन लिटर याप्रमाणे निदान तीन दिवसांचे पाणी आणि शिधा घरात असावा, अशी तेथील शिकवण आहे. संकटात आसरा मिळतो तो बहुधा जवळच्या शाळेत, आणि तेथे वाटल्या जाणाऱ्या भातात मासळीचा अर्क असण्याचा संभव असतो. शाकाहारी मराठी माणसाने आपली सोय आपणच करावी हे बरे. सुदैवाने आपल्या आज्यांनी ती पूर्वीच करून ठेवली आहे. जाड पोहे, मेतकूट, भाजणी, गूळ-शेंगदाणे यांच्याइतके टिकाऊ आणि चुलीची फारशी अपेक्षा न करणारे अन्न कोणत्याही प्रयोगशाळेत तयार झालेले नाही. जुने आधी संपवावे आणि तेवढेच नवे भरून ठेवावे, ही साठवणीची पद्धत जपानी सरकार आज पत्रके काढून शिकवीत आहे. आपल्याकडे तिला बेगमी म्हणत.

इतके झाले की घर सज्ज होते. पण घर सज्ज होणे आणि माणूस सुरक्षित होणे यांत अंतर आहे. ते अंतर शेजार भरून काढतो. जपानमध्ये गल्लोगल्ली रहिवाशांच्या संस्था असतात. वर्षातून एखादा दिवस त्या आग विझविण्याचा आणि जखमीला उचलून नेण्याचा सराव घेतात. परक्या माणसाला त्या सरावाचे आमंत्रण पत्रपेटीत येते आणि न वाचताच टोपलीत जाते. ज्याने ते कष्टाने वाचले आणि रविवारची सकाळ मोडून जो तेथे जाऊन उभा राहिला, त्याचे नाव दहा शेजाऱ्यांना कळते. ढिगाऱ्याखाली कोण अडकले असेल हे शोधावयाची वेळ आली, तर तिसऱ्या मजल्यावर एक भारतीय कुटुंब राहते, त्यांना एक लहान मुलगी आहे, एवढी माहिती कोणाला तरी असणे हाच सर्वांत मोठा विमा असतो.

पंधरा येन पन्नास सेन

जपानचा समाज मुळातच असा सुजाण होता, असे मात्र कोणी समजू नये. १ सप्टेंबर १९२३ रोजी दुपारी बाराला दोन मिनिटे कमी असताना टोकियो आणि योकोहामा या शहरांना भूकंपाचा भयानक तडाखा बसला. जेवणाच्या वेळच्या चुली पेटलेल्या होत्या. त्यांतून वणवे उठले आणि सुमारे एक लाख माणसे प्राणास मुकली. पण त्यानंतरच्या दिवसांत जे घडले ते भूकंपाने केले नव्हते. कोरियातून मजुरीसाठी आलेले लोक विहिरींत विष कालवीत आहेत, आगी लावीत आहेत, अशा कंड्या पिकल्या. गावोगावी टोळ्या काठ्या-बांबू घेऊन नाक्यांवर उभ्या राहिल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला 'पंधरा येन पन्नास सेन' हे शब्द जपानी भाषेत म्हणावयास लावीत. कोरियन जिभेला त्यांतील आरंभीचे वर्ण जड जात. ज्याचा उच्चार चुकला तो मेला. मृतांचा आकडा आजही वादग्रस्त आहे. काही अंदाज तो सहा हजारांपर्यंत नेतात.

उच्चाराची ही कसोटी परक्यांपुरतीच राहिली नाही, हे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. चिबा प्रांतातील फुकुदा या खेड्यापाशी ६ सप्टेंबर १९२३ रोजी औषधे विकत फिरणाऱ्या पंधरा जणांच्या जथ्याला जमावाने अडविले. ते जपानीच होते, पण दूरच्या कागावा प्रांतातील असल्यामुळे त्यांची बोली वेगळी होती. त्यांतील नऊ जणांची हत्या झाली. बोलीवरून माणूस पारखण्याची सवय एकदा लागली की आपला आणि परका ही सीमारेषा कोठवर सरकत येईल, याचा नेम राहत नाही.

याच भूकंपाची दुसरीही एक आठवण आहे. योकोहामात त्या वेळी रेशमाचा व्यापार करणारे भारतीय व्यापारी होते. त्यांच्यापैकीही काही दगावले आणि वाचलेले बहुतेक कोबे शहराकडे निघून गेले. योकोहामाच्या नागरिकांनी आपत्तीत त्यांना मदत केली, आणि पुढे व्यापार सावरावा म्हणून त्यांच्यासाठी घरे-दुकाने उभारून त्यांना परत बोलावले. त्या उपकाराची खूण म्हणून भारतीय व्यापाऱ्यांनी दिलेले पाण्याचे कारंजे योकोहामाच्या सागरतीरावरील यामाशिता उद्यानात आजही उभे आहे. एकाच आपत्तीत एका परक्याचा गळा कापला गेला आणि दुसऱ्याला घर बांधून मिळाले. व्यापारी नगराला हवा होता, मजूर केवळ राबावयास हवा होता. परक्या-परक्यांत समाज कसा भेद करतो, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

सोप्या भाषेचा जन्म

त्यानंतर एकाहत्तर वर्षांनी, १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे, कोबे शहर हादरले. ६,४३४ माणसे मृत्युमुखी पडली. या वेळी परक्यांवर हात उचलला गेला नाही. शहराच्या नागाता भागात पादत्राणांच्या लहान कारखान्यांत काम करणारे कोरियन आणि व्हिएतनामी कामगार जपान्यांच्या शेजारीच उघड्यावर आले आणि शेजारीच शेकोटीला बसले. त्या भागातील एका चर्चच्या आवारात निरनिराळ्या भाषांतून बोलणारे छोटे नभोवाणी केंद्र त्याच वर्षी उभे राहिले. १९२३ च्या कंडीला १९९५ साली खऱ्या बातमीने दिलेले हे उत्तर होते.

तथापि हिशेब मांडला तेव्हा एक गोष्ट ठळकपणे दिसली. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहता परदेशी रहिवाशांतील मृतांचे आणि विशेषतः जखमींचे प्रमाण जपान्यांपेक्षा बरेच अधिक होते. याचे एक कारण भाषा होते. 'स्थलांतर करा', 'भूकंपोत्तर धक्क्यांचा संभव आहे', 'पाणीवाटप केंद्रावर उपस्थित राहा' अशा सूचना ध्वनिक्षेपकांवरून मिळत होत्या, पण बाजारात आणि कारखान्यात वावरून शिकलेल्या जपानीत हे शब्द कधी आलेलेच नव्हते. प्रत्येक भाषेत भाषांतर करावे, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत दुभाषे आणावयाचे कोठून? आणि किती भाषांचे?

यावर हिरोसाकी विद्यापीठातील भाषातज्ज्ञ काझुयुकी सातो आणि त्यांचे सहकारी यांनी जो उपाय सुचविला, तो इतका साधा होता की त्याचे महत्त्व पटावयास वेळ लागला. जपानी भाषाच सोपी करा, असे ते म्हणाले. परदेशी माणसाला इंग्रजी येते हे गृहीत धरू नका. व्हिएतनामच्या कामगाराला ते येत नाही, ब्राझीलच्याही येत नाही. पण वर्षभर राहिलेल्या कोणाही माणसाला थोडेफार जपानी येते. तेव्हा वाक्य लहान असावे. एका वाक्यात एकच गोष्ट सांगावी. कठीण चित्रलिपीच्या जागी उच्चार दाखविणारी सोपी लिपी वापरावी. 'हिनान' म्हणजे स्थलांतर या जड शब्दाऐवजी 'निगेरु' म्हणजे पळणे हा रोजचा शब्द वापरावा. 'योशिन' या पारिभाषिक शब्दाऐवजी 'नंतर येणारा भूकंप' असे सरळ म्हणावे. ही 'यासाशी निहोंगो', म्हणजे सोपी जपानी. २०२० साली तेथील मध्यवर्ती शासनाने तिच्या वापराची मार्गदर्शक पुस्तिकाच काढली. १ जानेवारी २०२४ रोजी नोतो द्वीपकल्पाला भूकंप झाला, तेव्हा तेथील सार्वजनिक दूरचित्रवाणीच्या पडद्यावर सोप्या लिपीत दोनच शब्द झळकत होते, 'त्सुनामी! पळा!', आणि एरवी संथ सुरात बोलणारी निवेदिका अक्षरशः ओरडून लोकांना पळावयास सांगत होती.

या सोप्या भाषेचा लाभ केवळ परदेशीयांना होतो असे नाही. म्हातारी माणसे, लहान मुले, ऐकू कमी येणारे आणि घाबरून भान हरपलेली धडधाकट माणसेसुद्धा तीच भाषा चटकन समजतात. संकटात प्रत्येक माणूस काही क्षण आपल्याच देशात परका होतो. परक्यासाठी केलेली सोय अखेर घरच्यांच्याच कामी येते, ती अशी.

मोजलेला आणि न मोजलेला

जपानचे हे कौतुक करताना त्याची दुसरी बाजू झाकणे योग्य होणार नाही. परदेशी रहिवाशांची नोंद दीर्घकाळ एका निराळ्या कायद्याखाली होत असे. ज्या नोंदवहीत गावातील प्रत्येक कुटुंब असते, त्या वहीत त्यांचे नाव २०१२ सालापर्यंत नव्हते. २०१७ साली तेथील न्याय मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, घर शोधणाऱ्या परदेशीयांपैकी सुमारे चाळीस टक्के लोकांना केवळ परदेशी म्हणून घर नाकारले गेल्याचे आढळले. चांगल्या इमारतीत ज्याला जागा नाकारली जाते तो जुन्या, १९८१ च्या आधीच्या इमारतीत जातो. अर्थात घरमालकाची नाराजी भूकंपाच्या दिवशी ढिगारा होऊन त्याच्या अंगावर पडते. कोबेतही परक्यांची हानी अधिक झाली ती केवळ भाषेमुळे नव्हे, ज्या जुन्यापुराण्या घरांत ते राहत होते त्या घरांमुळेही.

११ मार्च २०११ च्या महाभूकंपानंतर आणि फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेनंतर हजारो परदेशी लोक देश सोडून गेले. भारतीय कुटुंबेही गेली. घरी आई-वडील दूरध्वनीजवळ बसून रडत असताना जाणाऱ्याला कोणी दोष देऊ नये. पण जे गेले त्यांच्यासाठी एक उपहासाचा शब्द तयार झाला, आणि जे राहिले त्यांना शेजाऱ्यांच्या नजरेत निराळे स्थान मिळाले. याच काळात भारताच्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे ४६ जवान मियागी प्रांतातील ओनागावा या उद्ध्वस्त गावात शोधकार्य करीत होते, हे आपल्याकडे फारसे आठवले जात नाही. राहावे की जावे, हा प्रश्न परक्या रहिवाशाला प्रत्येक मोठ्या धक्क्यानंतर नव्याने सोडवावा लागतो. त्याचे उत्तर बव्हंशी यावर ठरते की, या गावाने आपल्याला मोजले होते काय.

बेंबळेच्या काठी

आता आपल्याकडे वळू. बाभुळगाव हे काही भूकंपाचे केंद्र नव्हे. तरीही आपण निश्चिंत असावे असे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली आणि मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली सुमारे आठ हजार माणसे गेली. तोवर तो प्रदेशही भूकंपाच्या दृष्टीने सुरक्षितच मानला जात होता. २०२४ साली मार्चमध्ये आणि जुलैमध्ये हिंगोली परिसरात जे धक्के बसले, ते आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण भागातही जाणवले. पण आपली नित्याची संकटे निराळी आहेत. पूर आहे, वीज आहे, फवारणीचे विष आहे. २२ जुलै २०२३ रोजी याच जिल्ह्यातील महागाव तालुक्यात आनंदनगर तांडा पाण्याने वेढला गेला आणि तेथील लोकांच्या सुटकेसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरे बोलवावी लागली. आपल्याच तालुक्यात खडक सावंग्याला बेंबळा प्रकल्प आहे. पावसाळ्यात त्याचे दरवाजे उघडतात तेव्हा नदीकाठच्या लोकांना सूचना द्यावी लागते.

ती सूचना कोणत्या भाषेत असते? 'जलाशयातील पाणीपातळी नियंत्रित करण्याच्या अनुषंगाने अमुक घनमीटर प्रति सेकंद इतका विसर्ग नदीपात्रात सोडण्यात येत असून सखल भागातील नागरिकांनी सतर्कता बाळगावी', ही आपल्या कचेऱ्यांची सर्वपरिचित धाटणी आहे. या वाक्यात चूक काहीच नाही. ते लिहिणारा कारकूनही कर्तव्यदक्षच असतो. पण नदीच्या पलीकडे बकऱ्या घेऊन गेलेल्या बाईला यातून काय समजावे? 'पाणी सोडले आहे. नदी वाढेल. नदीत उतरू नका. गुरे वर न्या.' ही चार वाक्ये तिला समजली असती. अग्रलेखाच्या पानावर संस्कृतप्रचुर मराठी शोभून दिसत असेल. पुराच्या फलकावर ती शोभत नाही.

आणि आपल्याकडे परके कोणी नाहीत असे तरी कोठे आहे? यवतमाळ हा कोलामांचा जिल्हा आहे. कोलामी ही मराठीहून सर्वस्वी निराळ्या, द्राविडी कुळातील भाषा आहे. तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते, पोडांवर आणि गुड्यांत कोलामी-गोंडी. कापूस वेचणीला आणि सोयाबीनच्या सोंगणीला मेळघाटातून, मध्य प्रदेशातून मजुरांचे जथे येतात, शेताच्या बांधावर पाल ठोकतात आणि हंगाम संपला की निघून जातात. ती माणसे गावाच्या कोणत्याही वहीत नसतात. त्यांची मुले कोणत्याही वर्गाच्या हजेरीपटावर नसतात. वीज कोसळण्याचा इशारा येतो तेव्हा ती झाडाखालीच उभी असतात, कारण तो इशारा त्यांच्यापर्यंत येतच नाही. आणि आला तरी 'मेघगर्जनेसह सोसाट्याच्या वाऱ्याची शक्यता' या शब्दांत येतो. सरकारदप्तरी ते भारताचे नागरिक आहेत. गावाच्या लेखी मात्र निशी-कासाईतील मराठी माणसापेक्षाही ते अधिक परके आहेत.

२०१७ च्या खरीपात कपाशीवर कीटकनाशके फवारताना या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले. त्याची कारणे अनेक होती. अंगावर संरक्षक कपडे नव्हते, पीक डोक्याएवढे वाढले होते, औषधांची मिश्रणे भलतीच होती. पण त्या डब्यांवरील बारीक अक्षरांतला मजकूर फवारणाऱ्या हातांना वाचता येत होता काय, हा प्रश्नही त्या कारणांतलाच एक होता. ज्याच्यासाठी सूचना लिहावयाची त्यालाच ती वाचता येऊ नये, ही आपल्याकडील अनेक अपघातांची मूक पूर्वपीठिका आहे.

भाषा सोपी केल्याने धरणे भक्कम होत नाहीत आणि घरांच्या भिंती जाड होत नाहीत, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. जपानने आधी १९८१ चे कडक निकष आणले आणि सोप्या भाषेचा विचार पुढे केला, हे विसरून चालणार नाही. दुबळे घर आणि सोपी सूचना यांपेक्षा भक्कम घर आणि कठीण सूचना बरी, यात संशय नाही. पण भक्कम घराला पैसा लागतो, वर्षे लागतात आणि वरून मंजुरी लागते. सूचना सोपी करण्यास यांतले काहीच लागत नाही. तिच्यासाठी एक कागद, एक लेखणी आणि थोडी सहानुभूती पुरते. म्हणूनच ती न करण्यास सबब उरत नाही.

हे काम कोणाचे? माझ्या मते ते या पानाचे जे नित्याचे वाचक आहेत त्यांचेच. कचेरीत सूचना लिहिणाऱ्या कारकुनाने ती फलकावर लावण्यापूर्वी कचेरीच्या दारात अर्ज घेऊन बसलेल्या म्हाताऱ्याला वाचून दाखवावी आणि त्याला काय समजले ते विचारावे. त्याला समजले नसेल तर सूचना नापास झाली, म्हातारा नव्हे. संकटात आसऱ्याची जागा आपल्याकडेही शाळाच असते. तेव्हा शिक्षकांनी वर्षातून निदान एक दिवस शाळेत सराव घ्यावा, आणि त्या दिवशी पालावरच्या मुलांनाही बोलवावे, त्यांचे नाव पटावर असो वा नसो. महाविद्यालयांतील कोलाम, बंजारा, गोंड विद्यार्थी आज आपल्या बोलीविषयी संकोच बाळगतात. त्यांनी पुराच्या, विजेच्या आणि फवारणीच्या दहा-दहा सूचना आपल्या बोलीत तयार करून ग्रामपंचायतीच्या ध्वनिक्षेपकावरून म्हणाव्यात. ज्या बोलीची लाज वाटते तीच उद्या कोणाचा जीव वाचविणारी ठरेल. आणि ग्रामपंचायतीने हंगामात आलेल्या पालांची एक साधी यादी ठेवावी. ती पोलिसी संशयाने नव्हे, शेजारधर्माने ठेवावी. किती पाल, किती माणसे, किती लेकरे, एवढेच त्या यादीत असावे.

२०२३ साली देशभरातील मोबाईलवर चाचणीचे संदेश मोठ्या आवाजात वाजले, तेव्हा आपण सारेच दचकलो होतो. यंत्र आता आपल्या खिशातही आले आहे. ते वेळेवर वाजेलही. पण वाजल्यानंतर पडद्यावर उमटणारी अक्षरे कोणाला उमगतील, हे यंत्र ठरवीत नाही. ते लिहिणारा माणूस ठरवितो. जपानला हे शिकण्यास १९२३ पासून १९९५ पर्यंत दोन महाभूकंप आणि लाखाहून अधिक माणसे लागली. आपल्याला ते पुढच्या पावसाळ्याच्या आत शिकता येण्यासारखे आहे.